शरीराचे राखणदार का थकतात?

शेतात काम करताना पायात काटा मोडतो. जखम लहान असते. आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. पण कधी कधी अशाच जखमेतून जंतू आत शिरतात आणि सारे शरीर बिघडते. या आजाराला सेप्सिस म्हणतात. न्यूमोनिया झाला, लघवीच्या वाटेला जंतू लागले, किंवा बाळंतपणात स्वच्छता राहिली नाही, तरी सेप्सिस होऊ शकतो. २०१७ साली जगात अंदाजे १ कोटी १० लाख माणसे सेप्सिसने दगावली. म्हणून या आजाराची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या इतक्या बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जंतू आला की त्या त्याला गाठतात. काही पेशी तर त्याला गिळूनच टाकतात.

पण राखणदाराच्या अंगात जोर हवा ना? तो कोठून येतो? या पेशींच्या आत अगदी लहान चुली आहेत, असे समजा. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. घरच्या चुलीला लाकूड लागते आणि हवा लागते. या चुलींना आपण खाल्लेले अन्न लागते आणि श्वासातला प्राणवायू लागतो. त्यांतून पेशीला शक्ती मिळते.

सेप्सिसमध्ये राखणदार जंतूंवर तुटून पडतात. जंतूंना मारायला ते जहाल रसायने सोडतात. ही रसायने फार झाली की आपल्याच चुलींची नासधूस होते. चुलीची ठिणगी उडून घराचे छप्पर पेटावे, तसेच हे. मग प्राणवायू असूनही चूल नीट पेटत नाही. राखणदार जागेवर असतो, पण काठी उचलायचे बळ त्याच्यात नसते. अशा वेळी दुसरे जंतू डाव साधतात. रोगी पहिल्या दुखण्यातून वाचतो आणि दुसऱ्याने जातो.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा थकलेल्या पेशी तपासल्या. त्यांची शक्ती तयार करण्याची कामे मंदावलेली आढळली. मात्र रोगी बरे झाल्यावर पेशींचा जोरही परत आला. म्हणजे विझलेली चूल पुन्हा पेटते. पण ती हटकून पेटवील असे औषध अजून हाती आलेले नाही. जंतू मारणारी औषधे आहेत. ती वेळेवर मिळाली पाहिजेत.

तेव्हा मंडळी, एवढे ध्यानात ठेवा. जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवा. तिच्यावर माती, शेण लावू नका. जखम किंवा ताप असताना हुडहुडी भरली, धाप लागली, लघवी कमी झाली, माणूस भलतेच बरळू लागला, तर उद्यावर टाकू नका. १०८ नंबरला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर, "डॉक्टरसाहेब, हा सेप्सिस तर नाही ना?" असे बेधडक विचारा.

रोगी घरी आला म्हणजे सारे संपले असे नाही. त्याचे राखणदार अजून थकलेले असतात. पुढचे काही आठवडे त्याला पोटभर सकस अन्न द्या, विश्रांती द्या. पुन्हा ताप आलाच, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.