ओझोनने मास्क पुन्हा वापरता येतो का? 'ओझोन बॉक्स' ऑर्डर करण्याआधी हे वाचा

कुठल्याही शॉपिंग ॲपवर 'ओझोन' टाकून सर्च करा. भाज्या धुण्याच्या मशिनपासून खोली निर्जंतुक करणाऱ्या छोट्या डब्यापर्यंत बरंच काही दिसेल. मग मनात येतंच, वापरलेला एन-९५ मास्क यात ठेवला तर? जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याला किंवा जळगाव-धुळे हायवेवर रोज बाईकने ये-जा करणाऱ्याला रोज नवा मास्क परवडत नाही. चला तर मग, ओझोनने मास्क खरंच साफ होतो का ते बघू.

हा विचार आला कुठून?

२०२० आठवा. मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा कोविड मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त होता आणि त्याची चर्चा देशभर झाली. त्या काळात जगभर एन-९५ मास्कचा तुटवडा होता. डॉक्टर-नर्सना एकच मास्क पुन्हा पुन्हा वापरावा लागत होता, म्हणून तो निर्जंतुक करण्याच्या पद्धती शोधल्या गेल्या. ओझोन ही त्यातलीच एक.

ओझोन काम कसं करतो?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. हा तिसरा अणू टिकून राहत नाही. तो सुटतो आणि समोर येईल त्याच्याशी रासायनिक क्रिया करतो. विषाणूचं बाहेरचं आवरण आणि प्रथिनं अशीच खराब होतात. शिवाय हा वायू असल्यामुळे मास्कच्या घड्या आणि थरांमध्येही शिरतो.

तो बनवतात कसा? भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्राकडून येणाऱ्या हाय-टेन्शन तारांखालून पावसाळ्यात गेलात, तर 'सर्रर्र' असा आवाज ऐकू येतो. जास्त दाबाची वीज हवेत थोडी थोडी निसटते, त्याचा तो आवाज. याला 'कोरोना डिस्चार्ज' म्हणतात. नावातला 'कोरोना' हा निव्वळ योगायोग! या क्रियेत हवेतल्या ऑक्सिजनचा थोडा ओझोन होतो. बऱ्याच ओझोन मशिनमध्ये हेच तंत्र मुद्दाम वापरलेलं असतं.

मुंबईत बनलेलं 'वज्र कवच'

मुंबईच्या 'इंद्रा वॉटर' या स्टार्टअपने 'वज्र कवच' नावाची यंत्रणा बनवली. आयआयटी मुंबईतल्या 'साइन' या केंद्राची आणि केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची त्यांना मदत होती. पीपीई किट निर्जंतुक करून पुन्हा वापरता यावेत, हा उद्देश. यात ॲडव्हान्स्ड ऑक्सिडेशन, कोरोना डिस्चार्ज आणि यूव्ही-सी प्रकाश हे तिन्ही एकत्र वापरले आहेत. २०२१ मध्ये दिलेल्या सरकारी माहितीनुसार त्याची क्षमता ९९.९९९ टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे १ लाख जंतूंपैकी फार तर १ उरतो. पण लक्षात घ्या, हे हॉस्पिटलसाठी बनवलेलं मोठं यंत्र आहे, टेबलावर ठेवायचा डबा नाही.

खरी गोम आकड्यांत आहे

ओझोनचं गणित सोपं आहे: हवेतलं प्रमाण गुणिले वेळ. जपानच्या नारा मेडिकल युनिव्हर्सिटीने मे २०२० मध्ये प्रयोग जाहीर केला. ६ पीपीएम ओझोन ५५ मिनिटं ठेवल्यावर कोरोना विषाणू हजारात १ ते दहा हजारात १ इतकाच उरला. १ पीपीएम ६० मिनिटं ठेवल्यावर मात्र दहात १ ते शंभरात १ उरला. (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग.)

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेच्या नियमानुसार कामाच्या ठिकाणी ८ तासांसाठी ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम आहे, आणि ५ पीपीएम म्हणजे जिवाला तातडीचा धोका. म्हणजे जी मात्रा विषाणू पटकन मारते, तीच आपल्या फुप्फुसांनाही घातक आहे. म्हणूनच ओझोन हवाबंद कपाटात वापरतात आणि दार उघडण्याआधी उरलेला वायू नष्ट करतात. स्वस्त डब्यात गळती थांबवायची सोय नसेल, तर खोकला, छातीत जळजळ आणि दम्याचा त्रास होऊ शकतो.

बरं, डब्यातून काही वासच येत नसेल तर? तर कदाचित ओझोन इतका कमी आहे की मास्कही नीट निर्जंतुक होणार नाही. दोन्हीकडून तोटाच!

अजून तीन अडचणी

१. ओलावा: दमट हवेत ओझोन जास्त प्रभावी ठरतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या, रखरखीत हवेत तोच डबा तेवढंच काम करेल, असं धरून चालू नका.

२. रबर: सायकलच्या जुन्या टायरला बारीक तडे गेलेले पाहिलेत ना? नैसर्गिक रबराला ओझोन असाच तडे पाडतो. मास्कचं इलॅस्टिक सैल झालं की कडेने हवा शिरते, मग फिल्टर कितीही चांगला असो.

३. धूळ: ओझोन जंतू मारतो, धूळ काढत नाही. जिनिंगमधली रुई मास्कमध्ये अडकली असेल, तर ती तिथेच राहणार आणि श्वास घेणं जड जाणार.

मग करायचं काय?

• एन-९५ साबणाने धुऊ नका, सॅनिटायझरही मारू नका. त्याच्या फिल्टरवर स्थिर विद्युतभार असतो, तोच बारीक कण ओढून धरतो. या दोन्हींमुळे तो कमी होतो.
• तुटवड्याच्या काळातला साधा उपाय: ५ मास्क घ्या, प्रत्येकाची कागदी पिशवी वेगळी ठेवा आणि रोज एक वापरा. मग एका मास्कची पाळी पाच दिवसांनीच येते.
• मास्क ओला झाला, इलॅस्टिक ढिलं पडलं किंवा श्वास जड वाटू लागला, तर नवा घ्या.
• फेकताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोविड काळात दिलेली सूचना पाळा: मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवा आणि टाकण्याआधी कापा, म्हणजे कोणी तो उचलून पुन्हा विकणार नाही.

अमेरिकेनेसुद्धा नवे मास्क पुरेसे मिळू लागल्यावर जून २०२१ मध्ये निर्जंतुक केलेल्या एन-९५ ची आपत्कालीन परवानगी काढून घेतली. तेव्हा ओझोन बॉक्सचे पैसे वाचवा आणि त्यात चार चांगले मास्क घ्या. आणि फॅमिली ग्रुपवर कोणी अशा डब्याची ऑफर टाकली, तर विकणाऱ्याला हे तीन प्रश्न नक्की विचारायला सांगा: आत किती पीपीएम, किती मिनिटं, आणि उरलेला ओझोन जातो कुठे?