उकिरड्याच्या जागीं बाग

सार्वजनिक बाग सरकारनें करावी आणि लोकांनीं तींत हिंडावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. न्यूयॉर्क शहरांतील एका बागेची हकीकत याहून निराळी आहे.

बॉवरी व ह्यूस्टन हे रस्ते जेथें मिळतात, तेथें १९७३ सालीं केरकचऱ्यानें भरलेली एक ओसाड जागा होती. लिझ क्रिस्टी या चित्रकर्तीनें शेजारीपाजारी जमवून ती साफ केली. माती आणून वाफे बांधले, भाजीपाला व झाडें लावलीं. १९७४ सालीं शहराच्या कारभाऱ्यांनीं ती जागा दरमहा एक डॉलर भाड्यानें त्यांच्या स्वाधीन केली. इतर वस्त्यांतूनही अशा बागा उभ्या राहिल्या, तेव्हां १९७८ सालीं शहरानें त्यांच्या साहाय्यार्थ स्वतंत्र योजना सुरू केली. १९८५ सालीं क्रिस्टीबाई वारल्या. ती बाग आतां त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

रोप लावणें हें एका दिवसाचें काम. पाणी घालणें, तण काढणें, फाटकाची किल्ली सांभाळणें हें रोजचें व्रत. तें लोकांनीं पाळलें. परंतु श्रम लोकांचे व जमीन शहराची, हा पेंच कायम राहिला. १९९९ सालीं शंभरांहून अधिक बागा लिलावांत काढण्याचें ठरलें. घरांसाठीं जागा हवी, हें शहराचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. अखेर दोन लोकोपयोगी संस्थांनीं त्या विकत घेतल्या, म्हणूनच त्या वांचल्या.

तात्पर्य, बाग करणाऱ्यांनीं पाण्याच्या पाळ्या लावतांनाच जमिनीच्या हक्काचा कागदही करून घ्यावा. फुलें उमललीं कीं त्याचा विसर पडतो.