बालपणी मेंदूची शस्त्रक्रिया : जीव वाचल्यानंतरचे प्रश्न

मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेद्वारे काढण्यात आली की बालकाचा आजार संपला, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मुलाची वाढ, शिक्षण आणि स्वावलंबन यांविषयीचे प्रश्न त्यानंतरच्या काळात उभे राहतात.

बालकांच्या कर्करोगांमध्ये रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूतील गाठींचा क्रमांक लागतो. यांपैकी मेड्युलोब्लास्टोमा ही घातक गाठ डोक्याच्या मागील बाजूस असलेल्या लहान मेंदूत वाढते. शरीराचा तोल, हालचालींतील सुसूत्रता आणि बोलण्याची लय यांचे नियंत्रण हाच भाग करतो. ही गाठ काढल्यानंतर सुमारे एक चतुर्थांश मुलांची वाचा एक-दोन दिवसांत बंद होते. बहुतेक मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा बोलू लागतात. तथापि संथ उच्चार आणि चालताना तोल जाणे अनेकांच्या बाबतीत कायम राहते.

गाठ पुन्हा उद्भवू नये यासाठी साधारणतः तीन वर्षांवरील मुलांना मेंदू व पाठीच्या कण्यावर किरणोपचार, तसेच केमोथेरपी दिली जाते. किरणोपचारामुळे वाढत्या मेंदूतील संदेशवाहक तंतूंना इजा पोहोचते आणि विचार करण्याचा वेग मंदावतो. असे मूल सहसा आधी शिकलेले विसरत नाही, परंतु नवे शिकण्याची त्याची गती सवंगड्यांपेक्षा कमी असते. त्यामुळे दुसरीत लक्षात न आलेली तफावत सातवीत ठळक होते आणि मूल आळशी असल्याचा गैरसमज होतो. किरणोपचार जितक्या लहान वयात, तितका हा धोका अधिक असतो.

किरणांमुळे वाढीच्या व थायरॉइडच्या संप्रेरकांची कमतरता निर्माण होऊ शकते, तर सिस्प्लॅटिन या औषधाने श्रवणशक्ती क्षीण होऊ शकते. संप्रेरकांची कमतरता औषधांनी भरून काढता येते आणि श्रवणयंत्रही उपलब्ध आहे; मात्र त्यासाठी नियमित तपासणी आवश्यक ठरते. याउलट, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही सौम्य गाठ पूर्णपणे काढता आल्यास बहुधा अन्य उपचारांची गरज भासत नाही.

उपचार पूर्ण झालेल्या बालरुग्णांच्या दीर्घकालीन देखरेखीसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1991 मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू करण्यात आला. निरोगी भागावरील किरणांची मात्रा कमी ठेवणारी प्रोटॉन उपचारपद्धती 2019 मध्ये चेन्नईत उपलब्ध झाली. कर्करोगग्रस्त बालकांपैकी किमान 60 टक्के बालके 2030 पर्यंत वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये जाहीर केले.

वाचणाऱ्यांची संख्या वाढेल, तशी शाळांची जबाबदारीही वाढणार आहे. पुढच्या बाकावरची जागा, लेखनासाठी जादा वेळ, गृहपाठाचा कमी भार आणि वाचोपचार या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. मुलाच्या आजाराची माहिती पालकांनी प्रत्येक नव्या वर्गशिक्षकांना दिल्यास ही मदत वेळेवर मिळणे शक्य होते.