घरच्या संगीतासाठी यूएसबी कीबोर्ड घेताना



गेल्या वर्षी स्नेहसंमेलन आटोपल्यावर मैलूरमधल्याच एका पालकांचा आम्हाला रात्री फोन आला. मुलीसाठी मोठ्या हौसेने कीबोर्ड मागवला होता. खोके उघडले, वायर मोबाईलच्या चार्जरला जोडली, दिवे लागले. पण कितीही पट्ट्या दाबल्या तरी आवाज म्हणून निघेना. मुलगी रडवेली झाली होती आणि वडील वस्तू परत पाठवायच्या बेतात होते. आम्ही म्हटले, थांबा, वस्तू बिघडलेली नाही. तिला स्वतःचा आवाजच नसतो. त्यानंतर आणखी काही घरांतून हाच प्रश्न आला, म्हणून संगीत वर्गातर्फे हा लेख लिहीत आहोत.

बाजारात दिसायला सारख्या अशा दोन वस्तू मिळतात. एक म्हणजे आपण सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतो ती. तिच्यात आवाज असतात, स्पीकर असतो. दुसरी म्हणजे मिडी कंट्रोलर. पट्टी दाबली की तो संगणकाला फक्त निरोप पाठवतो : अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने दाबली. बोट उचलले की दुसरा निरोप. क्रमांक 0 ते 127 असतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60. सूर तयार होतो तो संगणकात. निरोपांची ही भाषा 1983 साली ठरली आणि वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांनी ती स्वीकारली, म्हणून एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर बिनतक्रार चालतो.

तेव्हा पहिला प्रश्न कोणता कंट्रोलर घ्यावा हा नाहीच. मुलाला नेमके काय करायचे आहे? भजनाला, प्रार्थनेला साथ करायची असेल, गाणे शिकायचे असेल तर पेटीच बरी. लाईट गेली तरी ती वाजते. चाली बांधायच्या असतील, एकावर एक वाद्ये चढवून ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर कंट्रोलर कामाचा. त्यातही आमचा आग्रह असा की आधी एक पैसाही खर्च करू नये. एलएमएमएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. अॅपलच्या यंत्रांसाठी गॅरेजबँड फुकट आहे. दोन्हींत टायपिंगच्या कीबोर्डवरूनच सूर वाजवता येतात. दोन-तीन आठवडे मूल त्यात रमले, तर मग खरेदी.

आता पट्ट्या किती? आपल्या बहुतेक पेट्या तीन ते साडेतीन सप्तकांच्या असतात. कंट्रोलर 25, 32, 37, 49, 61 आणि 88 पट्ट्यांचे येतात. 25 म्हणजे दोनच सप्तके. सप्तक बदलायचे बटण असते खरे, पण तान घेताना मध्येच बटण कोण दाबणार? शिवाय लहान कंट्रोलरच्या पट्ट्याही बहुधा बारीक असतात. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या संगीत दरबारात पेटी ऐकून ज्यांनी घरी बोटे फिरवायला घेतली, त्या मुलांचा हात अशा पट्ट्यांवर अडखळतो. अकाय एमपीके मिनीसारख्या छोट्या कंट्रोलरवर 25 बारीक पट्ट्या, आठ पॅड आणि आठ फिरवायची बटणे असतात. तालाचे तुकडे रचणाऱ्याला तो सोयीचा. एम-ऑडिओ कीस्टेशन 49 सारख्यावर पॅड नाहीत, पण पूर्ण आकाराच्या 49 पट्ट्या आहेत. पेटी वाजवणाऱ्याने दुसऱ्या प्रकारचा घ्यावा. थोडक्यात, पैसे पट्ट्यांना द्यावेत, दिव्यांना नाही.

पेटीवाल्यांना एक गोष्ट सुरुवातीला खटकते. पेटीत पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज भात्यावर ठरतो. कंट्रोलरमध्ये भाता नाही. प्रत्येक पट्टीखाली दोन स्पर्शबिंदू असतात. पहिला टेकल्यापासून दुसरा टेकेपर्यंत किती वेळ गेला यावरून जोर मोजला जातो. पेटीवर हलका हात बसलेल्या मुलाचे सूर त्यामुळे कधी मोठे, कधी पुसट येतात. बऱ्याच कंट्रोलरमध्ये हा जोर कायम एकच ठेवायची सोय असते, ती वापरावी. आणि भाता मारणारा डावा हात? त्याच्यासाठी डावीकडे दोन चाके असतात. एकाने सूर वर-खाली ओढता येतो, म्हणजे मींडेची थोडी तहान भागते. दुसऱ्याला सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी जोडून द्यावी. भात्याची ऊब नाही, तरी काम चालते. काही मॉडेलांत चाकांऐवजी छोटी दांडी किंवा बटणे असतात. आमच्या मते चाके बरी. स्केलचेंजर पेटीत पट्ट्यांची सबंध फळी सरकवावी लागते, इथे मात्र काळी चार हवी की पांढरी दोन, बटणावर मिळते.

सुरांचा जुना वाद इथे आठवतो. पेटीचे सूर पक्के बांधलेले, श्रुती बदलता येत नाहीत, म्हणून आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, आणि ती 1971 मध्ये सैल होऊ लागली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी मात्र त्याच्याही कितीतरी आधी, 1910 च्या सुमारास, बावीस श्रुतींची पेटी करण्याचा घाट घातला होता. आज संगणकात तोच सूर केसभर चढवता-उतरवता येतो. सर्ज एक्सटी हे फुकट सॉफ्टवेअर अशी स्वरजुळणी स्वीकारते. मोठ्या वर्गातल्या मुलांनी कोमल गंधार थोडा उतरवून ऐकावा; वर्गात दहा तास सांगून कळणार नाही ते दोन मिनिटांत कळते.

नवा कंट्रोलर आणल्यावर आणखी एक तक्रार येते : पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. दोष बहुधा संगणकाच्या मांडणीत असतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘बफर’ नावाचा आकडा असतो. सेकंदाला 44100 नमुने या हिशेबाने 1024 चा बफर म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंदांचा उशीर, 256 चा म्हणजे सुमारे 6. आकडा कमी करत जावा, आवाज फुटू लागला की एक पायरी मागे यावे. विंडोजवर एशिओफॉरऑल हे फुकटचे ड्रायव्हर उपयोगी पडते. ब्लूटूथ हेडफोन मात्र लावू नयेत, त्यांत उशीर असतोच; साधा वायरचा हेडफोन घ्यावा. अँड्रॉइड मोबाईलला ओटीजी जोडणीतून कंट्रोलर चालतो, पण घेण्याआधी दुकानातच आपल्या फोनला लावून पाहावा. काही फोन पुरेशी वीज देत नाहीत.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. संगणक कक्षात यंत्रे आहेत, सॉफ्टवेअर फुकट आहे. 49 पट्ट्यांचा एक साधा कंट्रोलर आणि दोन हेडफोन मिळाले, तर ज्यांच्या घरी ही खरेदी झेपणार नाही ती मुलेही शनिवारी दुपारी बसू शकतील.

फोन केलेल्या त्या पालकांनी कंट्रोलर परत पाठवला नाही. मात्र त्यांनी आणखी एक विचारले होते : आजोबांची पेटी भाता फाटून माळ्यावर पडली आहे, आता ती विकून टाकू का? आम्ही विकू नका म्हटले. दिवाळीनंतर भाता दुरुस्त झाला. मुलीने पेटीचा मधल्या सप्तकातला एक सूर मोबाईलवर मुद्रित केला आणि एलएमएमएसमध्ये घातला. एकच सूर चढवून-उतरवून सगळ्या पट्ट्यांवर वाजतो. फार वर नेला की चिरका होतो, मधल्या सप्तकात ठीक लागतो. तिने निवडलेला सूर नेमका जरा खरखरणारा निघाला, त्यामुळे आता तिचे सबंध सप्तकच आजोबांच्या पेटीसारखे खरखरते. बदलून दे म्हटले तर ती तयार नाही.