अक्को : एक दिवस, एक प्रश्न

कॅडेट मित्रांनो, वेढ्यांच्या तारखा आपण वर्गात पाठ करतो. पण एखादा वेढा का यशस्वी झाला आणि दुसरा का फसला, हे नीट कळते ते तटावर उभे राहिल्यावर. त्यासाठी अक्कोसारखी जागा मिळणे कठीण.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या इस्रायलच्या उत्तर भागात हे प्राचीन बंदर आहे. अरबीत त्याला अक्का म्हणतात, तर युरोपच्या इतिहासात ते ‘एकर’ या नावाने येते. तटाच्या आतले जुने शहर २००१ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. ते इतके आटोपशीर आहे की सकाळी सुरुवात केली तर संध्याकाळपर्यंत पायी पाहून होते. हैफाहून आगगाडीने अर्ध्या तासात पोहोचता येते. पायात चांगले बूट, हातात नकाशा आणि मनात एक प्रश्न असू द्या : त्या त्या वेळी समुद्र कुणाच्या ताब्यात होता?

सकाळ : तटावर

सुरुवात जमिनीकडच्या तटावरून करावी. शहर समुद्रात घुसलेल्या भूशिरावर आहे. पश्चिमेला आणि दक्षिणेला पाणी, म्हणजे जमिनीवरून हल्ला येणार तो उत्तरेकडून आणि पूर्वेकडून. म्हणून जाड तट, खंदक आणि बुरूज याच बाजूला आहेत.

१७९९ च्या मार्चमध्ये नेपोलियन याच बाजूने आला. इजिप्त जिंकून तो सुमारे १३,००० सैनिकांसह उत्तरेकडे निघाला होता. त्याची नजर हिंदुस्थानपर्यंत पोहोचली होती. त्याच वर्षी जानेवारीत त्याने कैरोहून टिपू सुलतानाला पत्र लिहिले होते. अक्कोत उस्मानी सुभेदार अहमद अल-जज्जार होता आणि बंदरात होते ब्रिटिश आरमार.

तट फोडायला लागणाऱ्या जड तोफा नेपोलियनने जहाजांतून पाठवल्या होत्या. सिडनी स्मिथ या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने ती जहाजे वाटेतच पकडली आणि त्याच तोफा अक्कोच्या तटावर चढवून फ्रेंचांकडे वळवल्या. पुढे काही जड तोफा दुसऱ्या मार्गाने आल्या, पण तोवर शहराने तयारी करून घेतली होती.

ही तयारी करवून घेणारा इंजिनिअर होता फेलिप्पो. तो फ्रेंचच होता, पण क्रांतीच्या विरोधात देश सोडून गेलेला. पॅरिसच्या लष्करी विद्यालयात तो आणि नेपोलियन एकाच वर्गात होते. १७८५ च्या गुणवत्ता यादीत फेलिप्पो ४१ वा, तर नेपोलियन ४२ वा! चौदा वर्षांनी हे दोन वर्गमित्र एकाच तटाच्या दोन बाजूंना उभे राहिले. फ्रेंचांनी तटाला खिंडार पाडले, आत उडीही घेतली. पण आत बचावाची दुसरी फळी तयार होती. फेलिप्पो वेढा चालू असतानाच आजाराने मरण पावला. त्याने आखलेला बचाव मात्र टिकला. मे महिन्यात समुद्रमार्गे उस्मानी कुमकही येऊन पोहोचली. दोन महिन्यांनी नेपोलियनने वेढा उठवला. वेढा चालू असतानाच, ४ मे १७९९ रोजी, इकडे श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा : आज दिसणारा जाड तट बराचसा या वेढ्यानंतर बांधलेला आहे. अल-जज्जारने विजयानंतर आराम केला नाही, डागडुजी सुरू केली.

दुपार : जमिनीखाली

तटावरून उतरून किल्ल्याकडे वळा. वर उस्मानी काळातले बांधकाम आहे आणि त्याच्या खाली हॉस्पिटलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाची दालने. मधल्या काळात ती मातीने भरून गेली होती. उत्खनन करून पुन्हा मोकळी केली आहेत. भोजनगृहाचे जाडजूड गोल खांब पाहिले की येथे किती माणसांची पंगत बसत असेल याचा अंदाज येतो. आपल्या मेसची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

हे धर्मयोद्धे येथे आले ते १०४ साली नव्हे, त्यानंतर बरोबर हजार वर्षांनी, ११०४ मध्ये. त्यांनी शहर घेतले ते जिनोआच्या आरमाराच्या मदतीने. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत जिंकले. ११८९ मध्ये धर्मयोद्ध्यांनी पुन्हा वेढा घातला, तेव्हा बाहेरून सलाहुद्दीनच्या फौजेने त्यांनाच घेरले. आतल्या शिबंदीला अधूनमधून जहाजांनी रसद मिळत होती, तोवर ती तग धरून राहिली. ११९१ मध्ये फ्रान्सचा फिलिप आणि इंग्लंडचा रिचर्ड आपापली आरमारे घेऊन आले, समुद्र बंद झाला आणि जुलैत शहराने शरणागती पत्करली.

किल्ल्याशेजारीच अल-जज्जारने १७८१ मध्ये बांधलेली मशीद आहे. प्रांगणाखाली पाण्याची मोठी टाकी आहे, ती आवर्जून पाहा. झऱ्यांचे पाणी आणणारा कालवा शहराबाहेर होता आणि बाहेरची गोष्ट शत्रू तोडू शकतो. वेढ्यात तोफेइतकेच पाणी महत्त्वाचे. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, हे लक्षात घेऊन वेळ ठरवावी.

जेवण बाजारातच करावे. काबुली चण्यांचे हुमुस, गरम रोटी आणि ताजी मासळी. पोट भरले की टेम्पलर संघाच्या भुयाराकडे निघा. सुमारे १५० मीटरचे हे भुयार पश्चिमेकडच्या त्यांच्या गढीपासून बंदराच्या दिशेने जाते. १९९४ मध्ये तुंबलेल्या सांडपाण्याची तक्रार आली, खोदकाम झाले आणि भुयार सापडले!

येथे आपल्या प्रश्नाचे दुसरे अंगही दिसते. १२९१ मध्ये मामलुक सुलतान अल-अश्रफ खलीलने वेढा घातला तेव्हा समुद्र धर्मयोद्ध्यांसाठी मोकळा होता. तरीही दगडफेकी यंत्रे आणि सुरुंग यांपुढे तट टिकला नाही आणि १८ मे रोजी शहर पडले. टेम्पलरांची गढी आणखी दहा दिवस लढली. समुद्रामुळे बरेच लोक जहाजांतून निसटले, शहर मात्र वाचले नाही. समुद्र हाती असणे आवश्यक आहे. तेवढेच पुरेसे नाही.

संध्याकाळ : बंदरावर

बंदराजवळ खान अल-उमदान ही व्यापाऱ्यांची सराई आहे : खाली माल, वर मुक्काम. तिचे दगडी खांब कैसरियाच्या प्राचीन अवशेषांतून आणलेले आहेत. दारावरचा घड्याळाचा मनोरा १९०६ चा.

नंतर समुद्राकडच्या तटावर बसा. ३ नोव्हेंबर १८४० रोजी ब्रिटिश, ऑस्ट्रियन आणि उस्मानी जहाजांनी याच बाजूने तोफा डागल्या. एक गोळा दारूकोठारावर पडला, प्रचंड स्फोट झाला आणि दुसऱ्या दिवशी शहर हाती आले. नेपोलियनला दोन महिन्यांत जे जमले नाही, ते समुद्रावरून एका दिवसात झाले.

आता आखातापलीकडे पाहा. कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी हैफा दिसते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाने मशीनगनच्या माऱ्यात भाले रोखून ते बंदर जिंकले. जोधपूर लान्सर्सचे मेजर दलपत सिंह तेथे धारातीर्थी पडले. त्याच दिवशी ज्या ब्रिगेडने अक्को घेतले, तिच्यात हॉडसन्स हॉर्स ही भारतीय पलटण होती. आज ती आपल्या सेनेत ‘फोर्थ हॉर्स’ आहे. ज्या म्हैसूरच्या सुलतानाला नेपोलियनचे पत्र निघाले होते, त्याच म्हैसूरचे घोडेस्वार ११९ वर्षांनी या आखातावर पोहोचले. भारतीय सेना आजही २३ सप्टेंबरला हैफा दिन पाळते.

सूर्य पाण्यात उतरतो तेव्हा कोळ्यांच्या होड्या बंदरात परतत असतात. अक्कोचा तट एवढेच शिकवतो : किल्ला पाहताना नुसती भिंत मोजू नका. रसद कुठून येते, पाणी कुठे साठते आणि समुद्र कुणाचा आहे, हे आधी विचारा.