ओरखडा पुसता येत नाही तेव्हा

वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, प्रेस शॉपमध्ये स्टेनलेस स्टीलच्या जॉबवर ओरखडा दिसला की तो बफिंगला जातो. साध्या जॉबवर हा उपाय चालतो. पण पट्टीवर मापाच्या रेघा, आकडे किंवा कंपनीचं नाव आधीच उमटवलेलं असेल, तर बफ ओरखड्यासोबत खूणही खातो आणि जॉब भंगारात जातो. सपाट पट्टीवर लेझरने किंवा एचिंगने खुणा करणं सोपं, वळवलेल्या जॉबवर अवघड. त्यामुळे खूण आधी आणि वळण नंतर, हा क्रम सहसा बदलता येत नाही. इथे खरी कसोटी डाय बनवणाऱ्याची लागते.

त्या कारागिरीची शाळा याच औद्योगिक परिसरात आहे. १९८५मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, भोवती सुटे भाग बनवणारे वाढले आणि चांगल्या डायची गरजही वाढली. चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था. ती उद्योगांना टूल्स बनवून देते आणि दहावी झालेल्या मुलामुलींना टूल अँड डाय मेकिंगची पदविकाही देते.

ओरखडा मुळात येतो कुठून? ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं. त्याचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर पोलादाला गंजू देत नाही. डायच्या कडेवरून पट्टी दाबाखाली घसरते तेव्हा हा थर फाटतो, उघडा पडलेला धातू डायला चिकटतो आणि त्याचा कण तिथेच घट्ट बसतो. याला गॉलिंग म्हणतात. वळताना स्टेनलेस कडक होत जातं, त्यामुळे तो कणही कडक असतो आणि पुढच्या प्रत्येक जॉबवर तीच रेघ ओढतो. म्हणून पहिले जॉब चकचकीत येतात आणि तक्रार नंतर सुरू होते.

उपाय डायच्या रेडियसवर असतो. ग्राइंडिंगच्या आडव्या रेघा आधी ऑइलस्टोनने, मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने आणि शेवटी डायमंड पेस्टने काढतात. शेवटचा हात मात्र पट्टी ज्या दिशेने सरकणार त्याच दिशेने फिरला पाहिजे. आडवी राहिलेली बारीक रेघही कण धरून ठेवते. यानंतर टायटॅनियम कार्बोनायट्राइडचं कोटिंग देतात किंवा घासणाऱ्या जागी अॅल्युमिनियम ब्राँझचा इन्सर्ट बसवतात. जिथे खूण टेकते तिथे डायमध्ये उथळ खाच ठेवली, की खुणेवर दाबच येत नाही.

पट्टीवर संरक्षक फिल्म लावतात, पण तिची जाडी धरून क्लिअरन्स ठेवावा लागतो. खूण शाईची असेल तर फिल्मचा गोंद ती उचलत नाही ना, हे आधी तुकड्यावर पाहावं. डीकॉइलरपासून फीडरपर्यंत पट्टी कुठेही लोखंडावर घासू नये म्हणून नायलॉनचे रोलर बसवतात. आपल्याकडे बहुतेक प्रेसवर वाहनांचं साधं लोखंड चालतं. त्याचा कीस स्टेनलेसमध्ये रुतला, तर काही दिवसांनी तिथे तांबूस गंज दिसतो. म्हणून सेटिंग बदलताना प्रेसचा बेड, डाय आणि हातमोजे, तिन्ही स्वच्छ हवेत.

हे सगळं डायच्या ड्रॉइंगवरच ठरायला हवं. खूण कुठे येणार हे टूलरूमला पहिल्या दिवशी सांगा आणि कोटेशनमध्ये पॉलिशचे तास कापू नका. ते तास वाचवणारा मालक पुढे भंगाराच्या रूपाने त्यांची किंमत मोजतोच.