थंडीतली कुंडी

लेट्यूस आपल्याकडे रुजतच नाही, ही तक्रार बहुतेकदा अवेळी पेरण्यातून येते. दोष कुंडीचा नाही, मुहूर्ताचा आहे. हे बी १५ ते २० अंशांत सुखाने रुजतं. माती तिशीपलीकडे तापली की बरंचसं बी जिवंत असूनही झोपून राहतं. उन्हाळा लागला की झाड फुलोऱ्याचा दांडा काढतं आणि पानं कडवट होतात. म्हणून पुणे-नाशिककडे पेरणी नोव्हेंबरातच करावी. मुळं उथळ, त्यामुळे १५ सेंटिमीटर खोलीचा, तळाला भोकं पाडलेला जुना टबही पुरतो. बी मात्र खोल गाडू नये, रुजायला त्याला उजेड लागतो. वर चिमूटभर माती भुरभुरली की झालं.

गॅलरीत ऊन कमी, हा आक्षेप टोमॅटोला लागू पडतो. लेट्यूसला फळ धरायचंच नसल्याने तीन-चार तासांचं कोवळं ऊनही चालतं. मुंबईत थंडीच कुठे, हा आक्षेप जास्त खरा. तिथे लेट्यूसचा हट्ट सोडावा आणि वाळूत वाढणारी बारीक मेथी लावावी, कोशिंबिरीला ती जास्त शोभते (हे माझं मत). जिथे थंडी आहे तिथे मात्र लेट्यूस घरीच लावावा: बाजारातला गड्डा एकदाच चिरता येतो. कुंडीतल्या लेट्यूसची बाहेरची पानं खुडली तरी आतली वाढत राहतात.